ज्ञानाविषयीचे अनुमान : ‘कथावत्थु’च्या वादपद्धतीचे एक परीक्षण

अभिधम्मपिटकाच्या सात ग्रंथांपैकी ‘कथावत्थु’ हा पाचवा ग्रंथ होय. थेरवादी परंपरा त्याचा संबंध सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे भरलेल्या तिसऱ्या संगीतीशी व मोग्गलिपुत्त तिस्स थेरांशी जोडते. दोनशेहून अधिक वादविषय या ग्रंथात आले आहेत. पालीचे अभ्यासक त्याकडे निकायभेदांच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहतात. गेल्या शतकभरात मात्र तर्कशास्त्राच्या अभ्यासकांचेही लक्ष त्याकडे वळले, आणि भारतीय आकारिक तर्काचा आद्य नमुना म्हणून त्याचा गौरव होऊ लागला. हा गौरव कितपत सार्थ आहे, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या तपासणीस एक प्रासंगिक निमित्तही घडले, ते वाचकांपासून लपविण्याचे कारण नाही. मुलुंड येथील एका अभ्यासवर्गात एका तरुण विद्यार्थ्याने फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. भगवान बुद्ध तर्कनिष्ठ होते. हे वचन तर्कशुद्ध आहे. म्हणून हे बुद्धवचन आहे. वर्गाने मान डोलावली. आम्हीही डोलावली. तेव्हा घाटकोपरहून येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, “सर, मी तीस वर्षे गणित शिकवले. त्या पुस्तकातले सगळेच तर्कशुद्ध होते. मग तेही बुद्धवचन का?” वर्ग हसला, आम्हांस मात्र हसू आले नाही. तीन ओळींपैकी पहिल्या दोन आम्हांस मान्य होत्या, तिसरी प्रिय होती, आणि त्यांना जोडणारा ‘म्हणून’ आम्ही तपासलाच नव्हता. पाली आणि न्याय यांचे अध्ययन केलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी, हे अधिक लाजिरवाणे. बाईंना त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते शोधताना आम्ही पुन्हा ‘कथावत्थु’कडे वळलो.

१. निग्गहाचा आकार

ग्रंथाचा आरंभ पुग्गलकथेने होतो. पुद्गल, म्हणजे व्यक्ती, सत्य व परमार्थ या अर्थाने उपलब्ध होतो काय, असा प्रश्न थेरवादी विचारतो. पुद्गलवादी होकार देतो. मग दुसरा प्रश्न येतो : जो धर्म सत्य व परमार्थ आहे तो ज्या रीतीने उपलब्ध होतो, त्याच रीतीने पुद्गलही उपलब्ध होतो काय? याला पुद्गलवादी नकार देतो. अट्ठकथेच्या स्पष्टीकरणानुसार येथे पाच स्कंध, बारा आयतने, अठरा धातू व बावीस इंद्रिये असे सत्तावन्न धर्म अभिप्रेत आहेत. रूप, वेदना आदी धर्म जसे उपलब्ध होतात तसा पुद्गल होत नाही, हे प्रतिपक्षालाही मान्य आहे. यावर थेरवादी त्याचा निग्गह करतो. पहिले विधान करावयाचे तर दुसरेही केले पाहिजे. दुसरे करता येत नसेल तर पहिलेही करता येणार नाही. पहिले करून दुसरे नाकारणे हे मिथ्या होय.

पहिल्या विधानास ‘क’ व दुसऱ्यास ‘ख’ म्हटल्यास युक्तिवादाचा सांगाडा असा उभा राहतो : ‘क असेल तर ख असले पाहिजे, ख नाही, म्हणून क नाही.’ श्वे झान आंउ व श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी अनुवादात हा सांगाडा अक्षरांच्या साह्याने मांडून दाखविला. १९३०च्या दशकात पोलिश पंडित स्टानिस्लाव शायर यांनी त्यात विधानीय तर्काच्या नियमांची जाणीव पाहिली. १९६३ साली के. एन. जयतिलके यांनी बौद्ध ज्ञानमीमांसेवरील आपल्या ग्रंथात या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली. अशा रीतीने ‘कथावत्थु’ ॲरिस्टॉटलच्या व स्टोइकांच्या पंक्तीस जाऊन बसला.

या वाचनात तथ्यांश आहे, हे नाकारता येणार नाही. विशिष्ट विषय बाजूला ठेवून तोच आकार शेकडो वादांत पुन्हा पुन्हा योजणे, हे आकाराचे भान असल्याशिवाय शक्य नाही. तथापि येथे एक सूक्ष्म गोष्ट सुटते. पाली संहितेत निष्कर्षाच्या जागी ‘आहे’ वा ‘नाही’ येत नाही. येतो तो ‘वत्तब्ब’ हा शब्द, म्हणजे ‘म्हणावयास हवे’. निग्गह हा वस्तूविषयीचा निर्णय नव्हे. तो वक्त्याविषयीचा निर्णय आहे. तुम्ही अमुक म्हणता, तर तमुक म्हणण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि ती तुम्ही पाळली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. जोनार्डन गनेरी यांनी २००१ साली लिहिलेल्या निबंधात या संवादात्मक अंगावर भर दिला. आमच्या मते पाली शब्दयोजना त्यांच्याच बाजूने साक्ष देते.

२. आकार दोन्ही बाजूंचा

याहून महत्त्वाची गोष्ट ग्रंथानेच पुढे करून ठेवली आहे. अनुलोमपंचकानंतर पटिकम्मचतुक्क येते, आणि तेथे पुद्गलवादी तोच आकार थेरवाद्यावर उलटवितो. पुद्गल सत्य व परमार्थ या अर्थाने उपलब्ध होत नाही काय? थेरवादी ‘होय, होत नाही’ असे म्हणतो. मग जो धर्म सत्य व परमार्थ आहे त्या रीतीने तो उपलब्ध होत नाही काय? येथे थेरवादी नकार देतो, आणि आकाराच्या दृष्टीने तोही तितकाच अडचणीत येतो. त्यापुढे निग्गहचतुक्क, उपनयनचतुक्क व निग्गमनचतुक्क अशी मांडणी आहे, आणि पुढे पच्चनीक बाजूने सारा क्रम पुन्हा चालतो.

प्रतिपक्षाच्या हाती आपलेच शस्त्र देणारे किती ग्रंथ आपल्याला ठाऊक आहेत? ‘कथावत्थु’ची बौद्धिक प्रामाणिकता येथे दिसते. पण त्याबरोबर आकारवादी वाचनाची मर्यादाही दिसते. एकच आकार दोन परस्परविरोधी पक्षांच्या हाती सारखाच चालत असेल, तर कोणता पक्ष खरा हे त्या आकारावरून ठरणार नाही. अट्ठकथाही येथे आकारावर विसंबत नाही. सम्मुती व परमत्थ या भेदाचा आधार घेऊन ती थेरवाद्याची उत्तरे समजावून देते. म्हणजे निर्णय होतो तो ‘उपलब्ध होणे’ या क्रियापदाच्या अर्थावर. ‘क असेल तर ख असले पाहिजे’ हे पहिले पाऊल पुद्गलवाद्याने कधी मान्यच केले नव्हते. पुद्गल स्कंधांहून भिन्नही नाही व अभिन्नही नाही, अशी त्याची भूमिका. तो रूपासारखा उपलब्ध झाला पाहिजे, ही अट त्याच्यावर लादलेली आहे.

हा प्रतिपक्ष काल्पनिक नव्हता. अट्ठकथा पुद्गलवादी म्हणून वज्जिपुत्तक व सम्मितीय यांची नावे घेते. पाली वंसग्रंथांनुसार वज्जिपुत्तकांपासून ज्या शाखा निघाल्या त्यांत भद्रयानिक ही एक. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीने दिलेले लेणे याच निकायाच्या भिक्षूंसाठी होते. आणि बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरीच्या डोंगरावरील मोठ्या चैत्यगृहाचा शिलालेखही भदायणीय आचार्यांचा उल्लेख करतो. गजसेन व गजमित्र या बंधूंनी ते लेणे कोरविले. रविवारी सहलीस जाणारे आपण उपनगरवासी ज्या पायऱ्या चढतो, त्या पायऱ्यांवर ‘कथावत्थु’च्या पहिल्या वादातील प्रतिपक्षाची शाखा नांदत होती. त्यांच्या बाजूचा वादग्रंथ पालीत आपल्यापर्यंत पोहोचला नाही. त्यांची उत्तरे आपण त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथातून वाचतो. म्हणूनच त्यांचा पराभव वाचताना तो कशाने झाला, आकाराने की आशयाने, हे नेमके पाहणे अगत्याचे ठरते.

३. अरहंताचे अज्ञान

दुसऱ्या वग्गात एक वाद असा आहे : अरहंतास अज्ञान असते काय? अट्ठकथा हा पक्ष पुब्बसेलियांचा म्हणून सांगते. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष आहे. जो एखादी गोष्ट जाणत नाही त्यास अज्ञान आहे. अरहंत अपरिचित स्त्रीपुरुषांची नावे व गोत्रे, रस्ते, गवत व वनस्पती यांची नावे जाणत नसेल. म्हणून अरहंतास अज्ञान आहे.

थेरवाद्याचे उत्तर दुहेरी आहे. एकीकडे तो विचारतो की, हे अज्ञान म्हणजे अविद्येचा अनुशय, संयोजन वा नीवरण आहे काय? प्रतिपक्ष नकार देतो. दुसरीकडे तो विचारतो की, अरहंत मार्गफलांविषयीही अजाण असेल काय? तेथेही नकार येतो. वाद येथे वस्तुतः संपलेला असतो, कारण ‘अज्ञान’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला गेला होता हे उघड झाले. आधारवाक्यात तो ‘एखाद्या गोष्टीची माहिती नसणे’ या अर्थी होता; निष्कर्षात तो ‘अविद्या’ या अर्थी शिरला.

परंतु केवळ शब्दाचे दोन अर्थ सांगून येथे थांबता येणार नाही. दोष अधिक खोल आहे. ‘उंच’, ‘गोरा’, ‘थकलेला’ ही विशेषणे एकट्या माणसाला लागतात. ‘जाणता’ हे विशेषण तसे दिसते, पण तसे नाही. जाणणे सकर्मक आहे : कोण जाणतो एवढे पुरत नाही; काय जाणतो आणि कोणत्या रूपाने जाणतो हेही सांगावे लागते. एक साधे उदाहरण घेऊ. घाटकोपर स्थानकाच्या पुलावर गर्दीतून एक वृद्ध गृहस्थ समोरून येत आहेत. ते गृहस्थ उंच आहेत. ते आमचे बालपणीचे शिक्षक आहेत. म्हणून आमचे शिक्षक उंच आहेत. हे अनुमान निर्दोष. आता क्रियापद बदलू. त्या गृहस्थांस आम्ही ओळखत नाही. ते आमचे बालपणीचे शिक्षक आहेत. म्हणून आमच्या शिक्षकांस आम्ही ओळखत नाही. आकार तोच, दोन्ही आधारवाक्ये खरी, आणि निष्कर्ष मात्र डळमळीत. प्राचीन ग्रीसमध्येही हे कोडे बुरखा घेतलेल्या माणसाच्या रूपाने प्रसिद्ध होते. ज्ञानवाचक क्रियापदांच्या पुढे एका नामाच्या जागी त्याच व्यक्तीचे दुसरे नाम निर्धास्तपणे ठेवता येत नाही. वस्तूंविषयीचे अनुमान आणि वस्तूंच्या ज्ञानाविषयीचे अनुमान यांचे नियम सारखे नाहीत.

‘कथावत्थु’ हा नियम सूत्ररूपाने सांगत नाही. तो ‘कशाचे अज्ञान?’ असे विचारीत राहतो आणि प्रतिपक्षाकडून प्रत्येक वेळी कर्म वदवून घेतो. आमच्या मते या ग्रंथाचे तर्कशास्त्रीय श्रेय निग्गहाच्या सांगाड्यापेक्षा या प्रश्नात अधिक आहे.

४. न सापडणे आणि नसणे

पुग्गलकथेतील ‘उपलब्ध होणे’ हेही ज्ञानवाचकच क्रियापद होय. त्यात ‘सापडणे’ आणि ‘असणे’ हे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. पुद्गल सापडत नाही, म्हणून पुद्गल नाही, असे म्हणताना आपण ज्ञानाच्या अभावावरून वस्तूच्या अभावाकडे उडी घेतो. ही उडी केव्हा योग्य?

या प्रश्नाचे काटेकोर उत्तर देण्यास बौद्ध परंपरेस काही शतके लागली. दिङ्नागाने सद्हेतूची तीन रूपे निश्चित केली : हेतू पक्षात असावा, सपक्षात आढळावा, विपक्षात मुळीच नसावा. धर्मकीर्तीने हेतूचे तीन प्रकार सांगितले : स्वभाव, कार्य व अनुपलब्धी. अनुपलब्धीला त्याने एक कडक अट घातली : वस्तू दृश्य असली पाहिजे, म्हणजे ती असती तर सापडलीच असती असे म्हणता आले पाहिजे. मेजावर घडा दिसत नाही, म्हणून तेथे घडा नाही, हे योग्य. कारण प्रकाश आहे, डोळे शाबूत आहेत आणि घडा दिसण्याजोगा आहे. पिशाच दिसत नाही, म्हणून पिशाच नाही, असे मात्र केवळ न दिसण्यावरून म्हणता येणार नाही; तेथे फार तर संशय राहील. ‘न्यायबिंदू’त अनुपलब्धीचे अकरा प्रकार दिले आहेत. या ग्रंथाची संस्कृत संहिता धर्मोत्तराच्या टीकेसह खंबायतच्या एका जैन भांडारातील हस्तलिखितावरून उजेडात आली. ते काम मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक पीटर पीटर्सन यांनी केले आणि ग्रंथ १८८९ साली कलकत्त्याहून छापला गेला. बौद्धांचा तर्कग्रंथ जैनांनी जतन करावा, ही गोष्ट वादसंस्कृतीविषयी बरेच काही सांगते.

धर्मकीर्तीची अट हाती घेऊन पुग्गलकथा पुन्हा वाचली की, वादाचा खरा सांधा दिसतो. पुद्गल असता तर तो स्कंध, आयतने व धातू यांच्या शोधात सापडलाच असता, हे थेरवाद्याने दाखवावयास हवे. त्याची बाजू दुर्बल नाही : अनुभवातील प्रत्येक घटक तपासला, आणि तपासण्याजोगे दुसरे काही उरलेच नाही, असे तो म्हणू शकतो. ‘मिलिंदपञ्ह’मधील रथाचा दृष्टान्त हेच काम करतो. पण हे काम शोधाने होते, निग्गहाच्या आकाराने होत नाही. ‘वादन्याय’ या ग्रंथात धर्मकीर्तीने निग्रहस्थाने दोनच मानली : वादीने सिद्धीचे अंग न सांगणे, आणि प्रतिवादीने खरा दोष न दाखविणे. शब्दच्छलाने मिळविलेला जय त्याने जय मानला नाही. पुण्याचे प्रा. प्रदीप गोखले यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९९३ साली प्रसिद्ध केला. वादस्पर्धा भरविणाऱ्या आमच्या संस्थांनी तो अवश्य चाळावा.

५. बुद्धवचनाची कसोटी

आता फळ्यावरील तीन ओळींकडे येऊ. दिङ्नागाच्या कसोटीवर तो हेतू टिकत नाही. ‘तर्कशुद्ध असणे’ हा हेतू विपक्षातही आढळतो. पाढ्यांचे पुस्तक तर्कशुद्ध आहे आणि ते बुद्धवचन नाही. हा अनैकान्तिक हेत्वाभास होय. ‘सर्व बुद्धवचन तर्कशुद्ध आहे’ यावरून ‘सर्व तर्कशुद्ध वचन बुद्धवचन आहे’ असे उलटे वाचले गेले. ‘कथावत्थु’च्या पुढील ग्रंथ ‘यमक’ याच चुकीवर पहारा ठेवतो. तो प्रत्येक प्रश्न जोडीने विचारतो : सर्व कुशल धर्म कुशलमूले आहेत काय? नाहीत; कुशलमूले तीनच. सर्व कुशलमूले कुशल धर्म आहेत काय? होय. एका दिशेचा होकार दुसऱ्या दिशेस लागू होत नाही.

विद्यार्थ्याने हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आधारे केला होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या चौथ्या खंडात बुद्धवचनांच्या विपर्यासाची कारणे सांगून बाबासाहेबांनी तीन कसोट्या दिल्या आहेत. त्या मुळातून वाचल्या की चूक त्यांची नव्हे, आपल्या वाचनाची आहे हे कळते. पहिली कसोटी बुद्धांच्या तर्कनिष्ठेची. जे तर्कसंगत आहे ते बुद्धवचन मानता येईल, असे सांगताना, इतर बाबी समान असल्यास, अशी अट त्यांनी घातली आहे, आणि क्रियापदही ‘आहे’ असे नसून ‘मानता येईल’ अशा धर्तीचे आहे. हे गृहीत धरण्याजोगे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. दुसरी कसोटी मानवी कल्याणाची, आणि ती त्यांनी निषेधरूपाने मांडली : ज्याचा मानवी कल्याणाशी संबंध नाही ते बुद्धांचे म्हणून स्वीकारता येणार नाही. हा आकार निर्दोष आहे. तिसऱ्या कसोटीत ते सांगतात की, काही विषयांत बुद्धांस निश्चिती होती व काहींत त्यांची मते तात्पुरती होती. ज्ञान कशाचे व किती निश्चितीचे, हा जो प्रश्न अरहंताच्या वादात आपण पाहिला, तोच येथे नव्या स्वरूपात उभा आहे. कायद्याच्या अभ्यासकाची ही लेखणी आहे. तिच्यातील अटी गाळून घोषणा तेवढी उचलणे हा तिचा सन्मान नव्हे.

एक आक्षेप मात्र शिल्लक राहतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बुद्ध तर्कनिष्ठ होते हे आपणांस कशावरून कळले? ग्रंथांवरून. आणि ग्रंथांतील कोणते वचन बुद्धांचे हे कशावरून ठरवावयाचे? त्यांच्या तर्कनिष्ठेवरून. हा अन्योन्याश्रय दोष होय. त्यातून वाट एकच दिसते. पहिले आधारवाक्य स्वतंत्र पुराव्याने भक्कम केले पाहिजे. पाली निकाय व चिनी अनुवादात उरलेले आगम यांची तुलना करून, परस्परांपासून दुरावलेल्या निकायांनी समान जपलेला भाग काढावा, आणि त्या भागात बुद्धांची विचारपद्धती कशी दिसते ते पाहावे. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेश हेच सुचवितात : कोणी काहीही बुद्धवचन म्हणून सांगितले तरी ते सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. ‘इतर बाबी समान’ या अटीत आमच्या मते हा ताळा अंतर्भूत आहे.

कालामसुत्ताविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. आपल्या व्याख्यानांत ते बुद्धिवादाची सनद म्हणून नेहमी उद्धृत होते आणि ते योग्यच आहे. पण कशाच्या आधाराने स्वीकारू नये याच्या यादीत परंपरा, ऐकीव गोष्टी व ग्रंथ यांच्याबरोबर तर्क आणि नय हेही आहेत, हे आपण सांगत नाही. तेथे बुद्धीचा निषेध नाही. सन्दकसुत्त कारण स्पष्ट करते : तर्काने रचलेले मत बरोबरही ठरू शकते आणि चूकही. सुघटित आकार सत्याची हमी देत नाही, कारण आधारवाक्ये कोठून आली याची चौकशी आकार करीत नाही. ती चौकशी माणसाला स्वतः करावी लागते.

‘कथावत्थु’ला आकारिक तर्काचा आद्य ग्रंथ म्हणावे की नाही, याविषयी आमचे मत आता असे झाले आहे. सुसंगत बोलण्याचे नियम त्यात निश्चित आहेत आणि ते अतिशय शिस्तीने पाळले आहेत. जाणण्याचे नियम त्यात अजून घडत आहेत, ‘कशाचे अज्ञान?’, ‘कोणत्या रीतीने उपलब्ध?’ अशा प्रश्नांत त्यांचा पाया दिसतो, आणि तो पुढे दिङ्नाग-धर्मकीर्तींनी बांधून काढला. केवळ सांगाड्याची स्तुती करणारे वाचन या ग्रंथास मोठे करू पाहते, पण प्रत्यक्षात त्याचा उत्तम भाग नजरेआड करते.

आज बुद्धांच्या नावावर सुंदर, तर्कसंगत व कल्याणकारक अशी कितीतरी वचने मोबाइलवरून घरोघर पोहोचतात. त्यांतील अनेक कोणत्याही निकायात नाहीत. ती चांगली आहेत म्हणून ती बुद्धांची, हेच अनुमान त्यामागे काम करीत असते. चांगले वचन चांगले म्हणून घ्यावे. त्यास बुद्धांची मुद्रा हवी असेल तर संहिता उघडावी. चंकीसुत्तात श्रद्धेविषयी याच प्रकारची दक्षता सांगितली आहे : माझी अशी श्रद्धा आहे, एवढेच म्हणणारा मनुष्य सत्याचे रक्षण करतो, हेच सत्य, असा निष्कर्ष तो अजून काढीत नाही.

पुढच्या वर्गात आम्ही त्याच तीन ओळी पुन्हा फळ्यावर लिहिल्या आणि ‘म्हणून’ या शब्दाखाली रेघ ओढली. विद्यार्थ्याने स्वतःच तिसरी ओळ पुसली व तिच्या जागी लिहिले : हे बुद्धवचन असू शकेल, शोधून पाहावे. बाईंनी मान डोलावली. या वेळी आम्ही वाक्य दोनदा वाचून मगच डोलावली.